निघालो, आलो, सोडलं: इंग्रजीत कसं सांगायचं?

वाचक विचारतात

प्रवासाला निघताना, कुणाला पोचवायला जाताना, रजा मागताना किंवा निरोप देताना इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं, याविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. खानापूरपासून निपाणीपर्यंत बरीच पत्रं आली, एक कारवारहूनही आलं. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. जागेअभावी काही पत्रं राहिली, ती पुढच्या वेळी.

मी बेंगळूरला नोकरी करतो. कंपनीची गाडी न्यायला येते तेव्हा मी ग्रुपवर 'आय लेफ्ट' असं टाकतो. गाडीवाला लगेच फोन करतो, 'कुठं आहात, दिसत नाही.' मी खोलीतच असतो. माझं काय चुकतं?
(खानापूर तालुक्यातील वाचक)

तुम्ही मनात 'निघालो' म्हणता आणि त्याचंच इंग्रजी करता. मराठीत 'निघालो' हे रूप भूतकाळाचं, पण ते म्हणणारा माणूस बहुतेक वेळा उंबऱ्याच्या आतच असतो. एक पाय चपलेत, दुसरा किल्ली शोधतोय, आणि तोंडानं 'हा काय, निघालोच'. ऐकणाराही ते धरूनच चालतो आणि आपला चहा सावकाश संपवतो. इंग्रजीत ही सवलत नाही. 'आय लेफ्ट' म्हणजे कुलूप लागलं, माणूस रस्त्याला लागला. गाडीवाल्यानं तुम्हाला कोपऱ्यावर शोधलं, यात त्याचा दोष नाही.

अजून आवराआवर चालू असेल तर 'आय विल लीव्ह इन टेन मिनिट्स'. दारात उभे असाल तर 'आय ॲम जस्ट लीव्हिंग'. बाहेर पडलात की 'आय हॅव जस्ट लेफ्ट'. वाटेत असाल तर 'आय ॲम ऑन माय वे'. इथं 'ऑन'च्या जागी 'इन' घालू नका. 'इन द वे' म्हणजे वाटेत आडवा आलेला, अडथळा. 'आय ॲम इन द वे' असं साहेबांना कळवणं म्हणजे 'मी अडचण करतोय' असं कबूल करणं.

आणखी एक चूक पत्रापत्रांत दिसते: 'आय हॅव लेफ्ट ॲट सेव्हन'. ठरावीक वेळ सांगितली की 'हॅव' जातो. 'आय लेफ्ट ॲट सेव्हन' एवढंच. वेळ न सांगता नुसतं 'निघालोय' म्हणायचं असेल तेव्हा 'आय हॅव लेफ्ट'.

'आलो'चंही तेच. आईनं हाक मारली की आपण जागेवरूनच 'आलो' म्हणतो, कानडीत 'बंदे' म्हणतात, दोन्ही भूतकाळच. इंग्रजीत मात्र 'आय ॲम कमिंग'. आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्याशीच बोलत असाल तर 'गोइंग' नाही, 'कमिंग' वापरा. 'आय ॲम कमिंग टू युवर प्लेस टुमॉरो.'

'सेट आउट', 'सेट ऑफ', 'स्टार्ट', 'लीव्ह' या सगळ्यांचा अर्थ निघणे असाच आहे का? आणि 'लीव्ह टू पुणे' बरोबर की 'लीव्ह फॉर पुणे'?
(निपाणीच्या वाचक, बीएच्या विद्यार्थिनी)

आधी दुसरा प्रश्न, कारण तिथं गुण जातात. 'लीव्ह फॉर पुणे' बरोबर. 'लीव्ह'च्या लगेच पुढं जे गाव येतं ते सुटतं, आणि 'फॉर'च्या पुढं जे येतं तिकडं तोंड असतं. 'शी लेफ्ट निपाणी फॉर पुणे.' 'फॉर' गाळून 'शी लेफ्ट पुणे' लिहिलंत तर ती पुण्याहून निघाली असा उलटा अर्थ होतो. परीक्षेत हे हटकून विचारतात. सुटणाऱ्या गावाआधी 'फ्रॉम' लागत नाही. गाडी कुठून सुटते ते सांगताना मात्र 'फ्रॉम' चालतो: 'द बस लीव्ह्ज फ्रॉम प्लॅटफॉर्म फोर.'

'सेट ऑफ' आणि 'सेट आउट' प्रवासाच्या अर्थानं बरेचदा एकमेकांच्या जागी चालतात. रोजच्या बोलण्यात 'सेट ऑफ' जास्त: 'वुई सेट ऑफ ॲट फाइव्ह टू बीट द ट्रॅफिक.' 'सेट आउट'मध्ये लांबचा पल्ला किंवा मनाशी धरलेला हेतू असतो. त्यामुळे त्याच्यापुढं क्रियापदही येतं: 'शी सेट आउट टू बिकम अ डॉक्टर.' इथं प्रवास नाही, निश्चय आहे. या वाक्यात 'सेट ऑफ' बसणार नाही. दोन्हींचे दुसरे अर्थही ध्यानात ठेवा. फटाका किंवा भोंगा 'सेट ऑफ' करतात, आणि मुद्दे व्यवस्थित मांडणं म्हणजे 'सेट आउट'. 'सेट'चं भूतकाळी रूपही 'सेट'च. 'सेटेड' असा शब्द नाही.

'स्टार्ट' चुकीचा नाही, पण 'आय स्टार्टेड फ्रॉम होम ॲट सिक्स' हे भारतीय वळण आहे. बाहेरचा माणूस 'लेफ्ट होम' म्हणेल. होय, 'होम'च्या आधी 'फ्रॉम'ही नाही आणि 'टू'ही नाही. 'गो टू होम' लिहिणाऱ्यांची संख्या आमच्याकडच्या पत्रांवरून पाहता फार आहे.

शाळेत रजेचा अर्ज इंग्रजीत द्यावा लागतो. वर्षानुवर्षं एकच नमुना उतरवून काढतो, पण त्यातले शब्द कळत नाहीत. नीट समजावून द्याल का?
(हुक्केरी तालुक्यातील एक गुरुजी)

गुरुजी, पहिली गोष्ट म्हणजे अर्जातला 'लीव्ह' आणि निघणे या अर्थाचा 'लीव्ह' यांचं मूळ वेगळं. अर्जातल्या 'लीव्ह'चा जुना अर्थ परवानगी. आपली 'रजा'ही अरबीतून आली, तिचाही मूळ अर्थ संमती. म्हणून मराठीत 'रजा घेतो' म्हणून निरोप घेता येतो आणि इंग्रजीत 'टेक लीव्ह ऑफ'चा अर्थ निरोप घेणे असाच होतो.

हा 'लीव्ह' मोजता येत नाही. 'अ लीव्ह', 'टू लीव्ह्ज' असं आपल्याकडे सर्रास चालतं, पण प्रमाण इंग्रजीत 'टू डेज लीव्ह', आणि 'डेज'च्या शेवटच्या अक्षरानंतर वर षष्ठीचं चिन्ह. रजेवर असणे म्हणजे 'ऑन लीव्ह', 'इन लीव्ह' नव्हे.

समजा सोमवार 8 आणि मंगळवार 9 जूनला किरकोळ रजा हवी आहे, आणि रविवारी गावाला जायचं आहे. अर्जाचा गाभा असा: 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी कॅज्युअल लीव्ह फॉर टू डेज, ऑन 8 अँड 9 जून, विथ परमिशन टू प्रिफिक्स संडे, 7 जून, अँड टू लीव्ह हेडक्वार्टर्स.' याच्यापुढं कारण एका ओळीत, आणि रजेच्या काळातला पत्ता व फोन.

यातला 'प्रिफिक्स' म्हणजे रजेच्या आधी लागून आलेली सुट्टी जोडणे, 'सफिक्स' म्हणजे नंतरची. पुष्कळ जण दोन्ही शब्द एकदम लिहून मोकळे होतात, सुट्टी असो वा नसो. जी बाजू खरोखर लागते तीच लिहा. 'कॅज्युअल लीव्ह' आणि 'लीव्ह हेडक्वार्टर्स' असे दोन 'लीव्ह' एकाच वाक्यात आले तरी दुसरा सोडून जाणे या अर्थाचा: नेमणुकीचं गाव सोडायची मुभा. रजा मंजूर झाली म्हणजे मुख्यालय सोडायची परवानगी आपोआप मिळाली असं धरू नका, म्हणून ती वेगळी मागायची.

'बोथ डेज इन्क्लुझिव्ह'वर अर्ज अडतात. '8 टू 10 जून, बोथ डेज इन्क्लुझिव्ह' म्हणजे तीन दिवस. वर 'टू डेज' लिहून खाली हे लिहिलं की कारकून अर्ज परत पाठवणार, आणि बरोबरच करणार.

'आउट ऑफ स्टेशन'बद्दलही तुम्ही विचारलंय. कंपनी सरकारच्या अमदानीत गोरे अधिकारी नेमणुकीवर ज्या गावी राहत त्याला 'स्टेशन' म्हणत. त्याचा रेल्वेशी संबंध नाही. बेळगावसारख्या छावणीच्या गावात तो शब्द मुरला यात नवल नाही. अर्जात लिहायला हरकत नाही, आपले अधिकारी तो समजतात. परदेशातल्या माणसाला लिहिताना 'अवे' किंवा 'आउट ऑफ टाउन' लिहा.

पाहुण्यांना स्टँडवर सोडलं, पहिली बस सोडली, कोल्हापूरला उतरलो, या सगळ्याला 'लेफ्ट' आणि 'गेट डाउन' लावतो. चालतं का?
(शहापूर, बेळगाव)

उतरलो तिथं 'गेट डाउन' आपल्या कंडक्टरला कळेल, बाहेर कळणार नाही. झाडावरून, शिडीवरून उतरतात ते 'गेट डाउन', आणि गोळीबारात कुणी 'गेट डाउन!' ओरडलं तर खाली वाकायचं असतं. बस, ट्रेन, विमान, मोटरसायकल यांवर 'गेट ऑन', त्यांवरून 'गेट ऑफ'. कार, रिक्षा यांत 'गेट इन', बाहेर 'गेट आउट ऑफ'. खूण सोपी: आत शिरून उभं राहता, चालता येतं किंवा वर टांग टाकून बसतात ते 'ऑन', वाकून आत शिरावं लागतं ते 'इन'.

'सोडणे' मात्र खरा घोळ घालतं. 'आय लेफ्ट माय अंकल ॲट द बसस्टँड' ऐकणाऱ्याला वाटेल, काकांना तिथंच टाकून आलात. म्हणायचं असतं 'आय ड्रॉप्ड हिम ॲट द बसस्टँड'. गाडी सुटेपर्यंत थांबून हात हलवून आलात, तर 'आय सॉ हिम ऑफ'. कर्म मधे येतं, 'हिम' 'ऑफ'च्या आधी. आणि 'सी ऑफ'चा दुसरा अर्थ हुसकावून लावणे असाही आहे, कुत्रं चोराला 'सी ऑफ' करतं. पाहुण्यांबाबत संदर्भ स्पष्ट असला की काळजी नाही. पाहुण्यांना नुसतं दारापर्यंत पोचवलंत तर 'सॉ हिम आउट'.

पहिली बस सोडली, म्हणजे गर्दी बघून मुद्दाम जाऊ दिली: 'आय लेट द फर्स्ट बस गो'. 'आय लेफ्ट द बस' म्हटलं तर बसमधून उतरलात असं होईल. धावूनही मिळाली नाही तर 'आय मिस्ड द बस'. यातही फसवं वळण आहे. 'मिस द बस'चा लाक्षणिक अर्थ संधी हुकणे असाही होतो, पण स्टँडवर उभं राहून म्हटलंत तर कुणी तो घेणार नाही.

रेल्वेच्या मोबाइल संदेशात 'रीशेड्यूल्ड', 'शॉर्ट टर्मिनेटेड' असं येतं. गाडी रद्द झाली की उशिरा आहे, ते कळत नाही.
(लोंढा)

'डिले' म्हणजे गाडी निघाली आहे किंवा निघणार आहे, पण वेळापत्रकाच्या मागं धावते आहे. 'रीशेड्यूल्ड' म्हणजे जिथून ती मुळात सुटते त्या पहिल्याच स्टेशनची वेळ पुढं ढकलली. 'डायव्हर्टेड' म्हणजे मार्ग बदलला. तुमचं स्टेशन नव्या मार्गावर आहे का ते आधी बघा. 'शॉर्ट टर्मिनेटेड' म्हणजे शेवटच्या स्टेशनपर्यंत न जाता आधीच थांबणार, 'शॉर्ट ओरिजिनेटेड' म्हणजे पहिल्या स्टेशनऐवजी पुढच्या कुठल्या तरी स्टेशनातून सुटणार. पावसाळ्यात कॅसलरॉक ते कुळे घाटात दरड आली की हे शब्द तुमच्या लोंढ्याला एकदम भेटतात. रद्द असेल तेव्हा सरळ 'कॅन्सल्ड' लिहितात.

'बाउंड फॉर' म्हणजे त्या दिशेला जाणारी. वेळापत्रकाबद्दल बोलताना साधा वर्तमानकाळ वापरा, गाडी उद्याची असली तरी: 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट नाइन टुमॉरो.' स्वतःचा बेत सांगताना 'आय ॲम लीव्हिंग टुमॉरो'. जागच्या जागी ठरवलंत तर 'आय विल लीव्ह नाउ'.

सांबरा विमानतळावरून जाणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय की 'डिपार्चर'ची वेळ ही उडण्याची वेळ का. नाही. विमान आपल्या उभं राहण्याच्या जागेवरून हलतं ती 'डिपार्चर'ची वेळ. 'टेक ऑफ' त्यानंतर. आणि गेट त्याच्या बरंच आधी बंद होतं, किती आधी ते बोर्डिंग पासवर छापलेलं असतं. 'डिपार्चर'ला दहा मिनिटं असताना गेटवर पोचून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. इंग्रजीत घरातून निघताना काय म्हणावं? 'गुडबाय' फार कायमचं वाटतं.
(चिकोडीच्या एक आजी, नातसून परदेशातली)

आजी, तुमच्या शेजारणी 'होगि बर्तीनि' म्हणतात, तेही जाऊन येते असंच. नातसुनेला 'आय ॲम कमिंग' म्हणू नका, ती चपला घालून तयार होईल. घरातून बाजाराला निघालात तर 'आय विल बी बॅक सून'. तिच्या घरून निघताना 'आय शुड बी गोइंग' किंवा 'आय ॲम ऑफ नाउ', आणि वर 'सी यू'. 'सी यू'मध्ये पुन्हा भेटीचा शब्द आहे, तुमच्या 'येते'च्या सगळ्यात जवळ तोच.

'गुडबाय'बद्दल एवढंच, की तो 'गॉड बी विथ यी', देव तुझ्याबरोबर असो, याचा झिजून झालेला आकार आहे. 'गुड डे'सारख्या शब्दांच्या संगतीनं त्यात 'गुड' शिरला. म्हणजे मुळात आशीर्वादच. 'गॉडस्पीड'मध्येही वेग नाही. 'स्पीड'चा जुना अर्थ यश, भरभराट. 'फेअरवेल'मधला 'फेअर' म्हणजे प्रवास करणे, तोच बसच्या भाड्यात उरलाय. पण 'फेअरवेल' तोंडी बोलू नका, तो आता समारंभाचा शब्द. 'हॅपी जर्नी' बसच्या पाठीवर शोभतं. बोलताना 'हॅव अ सेफ जर्नी'. 'बॉन व्हॉयेज' हे फ्रेंच, चालतं, थोडं नटवं वाटतं.

मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडला. 'ही पास्ड आउट' असं लिहिलं तर कुणी तरी म्हणालं, म्हणजे बेशुद्ध पडला!
(येळ्ळूर)

सैन्यात तुमचंच बरोबर. प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं म्हणजे 'पास आउट', त्याच संचलनाचं नाव 'पासिंग आउट परेड'. कॉलेजसाठी मात्र 'आय पास्ड आउट इन 2019' हे भारतातच चालतं. बाहेर 'ग्रॅज्युएटेड' लिहा, नाहीतर खरंच भोवळ आली असं वाटेल. अभिनंदन कळवा.

नांगर उचलण्याला 'वे अँकर' म्हणतात. वजन करण्याशी काय संबंध?
(कारवार)

या 'वे'चा जुना अर्थ उचलणे. तराजूत उचलून तोलणं ही त्याचीच पुढची पायरी. नांगर समुद्रतळापासून सुटला की तो 'अवे', पण लिहिताना दूर या अर्थाचा 'अवे' लिहू नका, वजनातलं स्पेलिंग हवं. जहाज 'अंडर वे' कधी म्हणायचं, तर ते नांगरावर नाही, किनाऱ्याला बांधलेलं नाही आणि तळाला रुतलेलं नाही तेव्हा. 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत हीच व्याख्या आहे. म्हणजे इंजिन बंद करून तरंगत असलेलं जहाजही 'अंडर वे'च.

'फ्रेंच लीव्ह'बद्दलही तुम्हीच विचारलंय. न सांगता सवरता पसार होणं. गंमत अशी, की फ्रेंच लोक यालाच इंग्रजी पद्धतीनं निसटणं म्हणतात.

हेडमास्तर निवृत्त होत आहेत. पत्रिकेत 'सेंड-ऑफ टू अवर डिपार्टेड हेडमास्टर' असं छापायला दिलंय. बघून द्या.
(संकेश्वर, शाळेचे माजी विद्यार्थी)

छापखान्यात आजच फोन करा. 'डिपार्टेड' हा माणसाला लागला की दिवंगत. 'लेट' लिहिलंत तरी तेच. सेवेत असेपर्यंत 'आउटगोइंग', निवृत्तीनंतर 'रिटायर्ड' किंवा 'फॉर्मर'. 'सेंड-ऑफ' नाम म्हणून ठीक, मधे जोडरेघ हवी. क्रियापद करून 'वुई आर सेंडिंग ऑफ अवर हेडमास्टर' असं आत कुठं लिहिलं असेल तर तेही काढा. फुटबॉलमध्ये लाल कार्ड दाखवून खेळाडूला मैदानाबाहेर काढतात त्याला 'सेंड ऑफ' म्हणतात. पत्रिकेवर एवढं पुरे: 'फेअरवेल फंक्शन इन ऑनर ऑफ अवर हेडमास्टर', खाली नाव, तारीख, वेळ, आणि जेवण असेल तर तेही लिहा.